कंडेन्सर बदलला तरी वर्षभरात ‘घूं’ परत येतो : घरी बनवलेल्या ॲम्प्लिफायरचा हम मुळापासून कसा काढायचा

आमच्या गावच्या विठ्ठल मंदिरातला ॲम्प्लिफायर मी स्वतः जोडलेला आहे. ५२००-१९४३ या पॉवर ट्रान्झिस्टरांची जोडी असलेले दोन बोर्ड, २४-०-२४ चा ५ ॲम्पिअरचा ट्रान्सफॉर्मर, एसीचं डीसी करणारा चार डायोडचा ब्रिज, ४७०० मायक्रोफॅरडचे दोन फिल्टर कंडेन्सर आणि माइकसाठी छोटा प्रीॲम्प. पहाटेची आरती, संध्याकाळी हरिपाठ, रात्री भजन असा रोज साधारण पाच तास तो चालतो. पहिलं वर्ष उत्तम गेलं. तेराव्या महिन्यात बुवांचा फोन आला, “अरे, मशीन घुमायला लागलंय. अभंगाच्या मागं भुंगा बसल्यासारखं वाटतंय.”

गेलो, उघडलं. एक फिल्टर कंडेन्सर डोक्यावर किंचित फुगलेला दिसला. दोन्ही बदलले, घूं गेला. पंधरा महिन्यांनी परत फोन. पहिल्यांदा बदलताना मी ५० व्होल्टच्या ऐवजी ६३ व्होल्टचे, चांगल्यातले, महागडे कंडेन्सर घातले होते आणि आता दहा वर्षं बघायला नको असं समजत होतो. तेसुद्धा गेले. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की मी मेलेला कंडेन्सर काढून टाकला होता, पण त्याला मारणारं जे काही होतं ते तसंच आत बसलेलं होतं.

ज्यांच्या ॲम्पमध्ये घूं जातो आणि वर्ष-दीड वर्षात परत येतो, त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहितोय. बोर्ड कुठलाही असो, तपासायची पद्धत बदलत नाही.

आधी घूं कुठून येतोय ते ठरवा

व्हॉल्यूम पूर्ण शून्यावर आणा. घूं कमी झाला तर दोष व्हॉल्यूमच्या अलीकडे आहे : माइकची वायर, शील्ड तुटलेली पिन, प्रीॲम्पचा सप्लाय. व्हॉल्यूम शून्यावर असूनही घूं तेवढाच राहिला तर दोष पुढे, पॉवर बोर्डात किंवा मेन सप्लायमध्ये.

मग सूर ओळखा. आपली वीज ५० हर्ट्झची. शील्ड तुटली, अर्थ लूप झाला किंवा वायर ट्रान्सफॉर्मरजवळून गेली तर येणारा घूं मुख्यतः ५० हर्ट्झचा, जाड आणि खोल असतो. ब्रिजमधून गेल्यावर प्रत्येक अर्धी लाट वर उचलली जाते, म्हणून कंडेन्सर कमजोर झाल्याचा घूं १०० हर्ट्झचा, बरोबर एक सप्तक वर लागतो. पेटीवर ज्याचा हात बसलेला आहे त्याला हा फरक लगेच कळतो. आमच्या बुवांनीच मला सांगितलं होतं की हा आधीच्या वायरवाल्या घूंपेक्षा चढा आहे. कान तयार नसेल तर मोबाइलवर स्पेक्ट्रम दाखवणारं एखादं ॲप लावा आणि शिखर ५० वर आहे की १०० वर, ते बघा.

तिसरी खूण मला फार महत्त्वाची वाटते. कार्तिकात काकड्याला, भर थंडीत मशीन चालू केलं की घूं जोरात असायचा आणि वीस मिनिटांत बराच उतरायचा. सुकत चाललेल्या इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सरचं हे ठरलेलं लक्षण आहे. आतलं द्रव कमी झालं की त्याचा अंतर्गत रोध वाढतो, थंडीत तो आणखी वाढतो आणि गरम झाल्यावर उतरतो. अर्थच्या दोषाला थंडी-उन्हाळा कळत नाही. सकाळी जास्त आणि नंतर कमी होणारा घूं असेल तर कंडेन्सरवर संशय घ्या, तो डोक्यावर फुगलेला नसला तरीही.

उघडण्यापूर्वी

प्लग काढून ठेवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. मग १०० ओहम ५ वॅटचा रेझिस्टर दोन्ही टोकांना इन्सुलेटेड वायर लावून प्रत्येक फिल्टर कंडेन्सरवर काही सेकंद धरा आणि मीटरने शून्य झाल्याची खात्री करा. पेचकसाने शॉर्ट करू नका. ठिणगी उडते, कंडेन्सरची पिन जळते आणि चांगल्या कंडेन्सरलाही दुखापत होते. त्या दोन कंडेन्सरांवर मिळून साठ-सत्तर व्होल्ट साठलेले असतात. कोरड्या हाताला कदाचित एक चटका बसेल, पण देवळात ओल्या फरशीवर अनवाणी बसून काम करणाऱ्याने हे कधीच गृहीत धरू नये.

पुन्हा चालू करताना सिरीज बल्ब (मेनच्या वायरमध्ये ॲम्पच्या सिरीजला जोडलेला बल्ब) लावून करा. १०० वॅटचा तारेचा जुना बल्ब, एलईडी चालत नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. तसाच भक्क राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा.

मी काय मोजलं

या दुसऱ्या खेपेला मी कंडेन्सर लगेच बदलले नाहीत. आधी मोजमाप केलं.

सप्लायवरचा रिपल (डीसीवर उरलेली एसीची लहर) : मीटर एसीवर ठेवून, प्रोबच्या सिरीजमध्ये १ मायक्रोफॅरडचा २५० व्होल्टचा फिल्म कंडेन्सर घालून, प्लस आणि अर्थमध्ये. हा कंडेन्सर घालायचाच, कारण स्वस्तातले मीटर एसीवर असताना डीसीसुद्धा मोजतात आणि भलताच आकडा दाखवतात. माझं रीडिंग १.१ व्होल्ट आलं, तेसुद्धा माइक बंद, आवाज शून्य असताना.

कंडेन्सर काढून मोजला : ४७०० च्या जागी १५००.

मग एक प्रश्न उरला. मशीन गप्प असताना एवढा रिपल यायला करंट किती जात असेल? ढोबळ हिशेब सोपा आहे : करंट गुणिले ०.०१ सेकंद, भागिले कंडेन्सर. ०.१ ॲम्पिअर जात असेल तर १५०० मायक्रोफॅरडवरसुद्धा शिखर ते शिखर ०.६७ व्होल्टच होतात, म्हणजे मीटरवर जेमतेम ०.२. मला १.१ दिसत होता. त्यासाठी सहा पट, ०.६ ॲम्पिअर जायला हवा. गप्प बसलेल्या ॲम्पला ०.६ ॲम्पिअर कशाला?

म्हणून पॉवर ट्रान्झिस्टरांच्या एमिटरला असलेल्या ०.२२ ओहमच्या सिमेंट रेझिस्टरवर डीसी मिलिव्होल्ट मोजले. ६६. म्हणजे एका चॅनेलचा आयडल (गप्प असतानाचा) करंट ३०० मिलिॲम्पिअर. प्लस-मायनस ३३ व्होल्टच्या सप्लायवर, ६६ गुणिले ०.३, एका चॅनेलची २० वॅट उष्णता, दोन्हींची ४०. एक अक्षर न बोलता. आणि हे मशीन देवळात सागवानी कपाटात, दार लावून ठेवलेलं.

थर्मोकपल (तापमान मोजायची तार) लावला. हीटसिंक (ट्रान्झिस्टरची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) ८२ अंश. त्याच्यापासून बोटभर अंतरावर उभ्या कंडेन्सरच्या अंगाला ७४.

खरा दोष

तयार मिळणाऱ्या अनेक बोर्डांवर बायससाठी, म्हणजे पॉवर ट्रान्झिस्टर गप्प असतानाही थोडा करंट चालू ठेवण्यासाठी, दोन-तीन छोटे डायोड असतात आणि ते बोर्डावरच, हवेत उभे असतात. पॉवर ट्रान्झिस्टर तापला की त्याचं बेस-एमिटर व्होल्टेज दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने उतरतं. बायस देणारा डायोड तेवढाच तापला तर त्याचंही व्होल्टेज तेवढंच उतरतं आणि करंट जागेवर राहतो. डायोड हवेत असेल तर तो ट्रान्झिस्टरच्या मागे पडतो. ट्रान्झिस्टर तापतो, करंट वाढतो, त्यामुळे आणखी तापतो, आणखी करंट वाढतो. एमिटर रेझिस्टर कुठेतरी त्याला आवरतात म्हणून ट्रान्झिस्टर उडत नाही. पण तो आवर बसतो तेव्हा डबा भट्टी झालेला असतो.

माझ्या दोन्ही बोर्डांवर हेच होतं. टेबलावर, झाकण उघडं ठेवून, अर्ध्या तासात मी बायस बघितला होता तेव्हा तो बरोबरच होता. कपाटात दोन तासांनी काय होतं ते मी कधी बघितलंच नव्हतं.

आता कंडेन्सरच्या आयुष्याचा हिशेब. त्याच्या अंगावर ८५ अंश छापलेलं असतं आणि साध्या कंडेन्सरचं आयुष्य बहुधा २००० तास दिलेलं असतं, म्हणजे आतलं तापमान सतत ८५ असेल तर २००० तास. तापमान १० अंश उतरलं की आयुष्य दुप्पट, हा इलेक्ट्रोलायटिकचा सगळीकडे वापरला जाणारा नियम. माझ्या कंडेन्सरचं अंग ७४, रिपल करंटने गाभा आणखी थोडा गरम, म्हणजे ८० ते ८५ धरा. २००० ते २८०० तास. रोजच्या पाच तासांनी ४०० ते ५६० दिवस. तेरा महिने, पंधरा महिने. महागडा कंडेन्सर घालून मला जास्तीचे दोनच महिने का मिळाले, ते इथे कळलं. व्होल्टेज मी वाढवलं होतं, पण अंगावरची डिग्री बघितली नव्हती. ती ८५ चीच होती.

काय बदललं

बायसचे डायोड काढले. त्या जागी बीडी १३९ या ट्रान्झिस्टरचा मल्टिप्लायर (बायसचं व्होल्टेज ठरवणारं सर्किट) केला आणि तो ट्रान्झिस्टर पॉवर ट्रान्झिस्टरच्या शेजारी हीटसिंकवर स्क्रूने पक्का केला. बीडी १३९ ची धातूची पाठ कलेक्टरला जोडलेली असते, म्हणून मायका आणि पांढरी पेस्ट लागतेच. बायस कमी-जास्त करायचा प्रीसेट (पेचकसाने फिरवायचा छोटा रेझिस्टर) बेस आणि एमिटरच्या मध्ये घातला. ही जागा महत्त्वाची आहे. प्रीसेटचा सरकता पॉइंट धुळीने कधी सुटलाच तर या जागी बायस कमी होतो, आवाज थोडा खरखरतो आणि आपल्याला कळतं. बेस आणि कलेक्टरच्या मध्ये प्रीसेट असेल तर तो सुटताच बायस वर जातो आणि पॉवर ट्रान्झिस्टर घेऊनच जातो.

बायस लावताना इनपुट शॉर्ट, स्पीकर काढलेला, आधी सिरीज बल्बवर आणि मग थेट. ०.२२ वर ११ मिलिव्होल्ट, म्हणजे ५० मिलिॲम्पिअर, एवढ्यावर मी ठेवतो. थंड असताना ८ वर ठेवून अर्ध्या तासाने परत बघायचं. आणि शेवटचं रीडिंग मशीन ज्या जागी राहणार आहे त्या जागी, दार लावून, दोन तासांनी घ्यायचं. हे एक रीडिंग मी पहिल्या वर्षी घेतलं असतं तर दोन वेळचा खर्च आणि बुवांचे दोन कार्तिक वाचले असते.

त्याच वेळी स्पीकरच्या टोकांवरचा डीसी ऑफसेट (आवाज नसतानाही येणारा डीसी) बघून घ्या. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर चिंता नाही.

नवे कंडेन्सर १०५ अंशाचे, ६३ व्होल्टचे घातले. हीटसिंकपासून उचलून डब्याच्या दुसऱ्या बाजूला, तळाच्या जाळीजवळ नेले. जागा बदलताना ट्रान्सफॉर्मरचा मधला टॅप आधी दोन्ही कंडेन्सरांच्या जोडावर आणा आणि तिथून थोडी पुढे वायर काढून त्या एका बिंदूवर बाकीच्या सगळ्या अर्थ जोडा. चार्जिंगचे झटके बोर्डाच्या अर्थमधून गेले तर कंडेन्सर कोरे असले तरी घूं राहतो. प्रत्येक कंडेन्सरवर २.२ किलोओहम २ वॅटचा रेझिस्टरही कायमचा लावला, म्हणजे बंद केल्यावर मिनिटभरात ते रिकामे होतात.

प्रीॲम्पच्या सप्लायमधला १०० मायक्रोफॅरडचा छोटा कंडेन्सर विसरू नका. आकार लहान, आत द्रव कमी, म्हणून तो मोठ्याच्या आधी सुकतो. व्हॉल्यूमबरोबर वाढणारा १०० हर्ट्झचा घूं असेल तर बहुतेक वेळा हाच असतो.

कपाटाच्या पाठीला वर आणि खाली जाळी कापून घेतली. हीटसिंकच्या पात्या आडव्या होत्या त्या उभ्या केल्या, हवा वर चढायला वाट मिळाली. पात्यांवर उदबत्तीचा आणि समईचा तेलकट काजळीचा थर होता, तो खरवडून काढावा लागला. देवळात, स्वयंपाकघराजवळ किंवा हॉटेलात ठेवलेल्या ॲम्पचा हीटसिंक सहा महिन्यांनी एकदा पुसायलाच हवा.

आता आयडलला हीटसिंक ४८, कंडेन्सर ४२, रिपल ०.०६ व्होल्ट. कागदावर या कंडेन्सरचं आयुष्य पन्नास वर्षांच्या आसपास येतं. तळाचं रबर तेवढं टिकत नाही, म्हणून मी दहा-बारा वर्षं धरून चालतो.

कंडेन्सर विकत घेताना

पुण्याच्या तपकीर गल्लीत घ्या नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, घरी आल्यावर मोजल्याशिवाय डाख देऊ नका. वरचं प्लॅस्टिकचं वेष्टन बदललेला माल फिरत असतो. मी एकदा ४७०० लिहिलेल्या एका कंडेन्सरचं वेष्टन कापलं, तर आत त्याहून लहान डबी बसवलेली होती आणि मोकळी जागा तशीच झाकलेली. हातात घेतल्यावर हलका वाटला होता, तीच पहिली शंका. क्षमता आणि अंतर्गत रोध दाखवणारा छोटा कॉम्पोनंट टेस्टर फार महाग नाही आणि जो वर्षाला एक जरी ॲम्प बनवतो त्याच्याकडे तो असायलाच हवा असं माझं ठाम मत आहे.

व्होल्टेजचंही बघा. २४-०-२४ म्हणजे ३३-३४ व्होल्ट हे झालं पुस्तकातलं. गावाकडे रात्री शेतीपंप बंद झाले की लाइन २५० वर जाते, त्यात ट्रान्सफॉर्मरवर लोड नसतो, मग हेच ३८ च्या पुढे दिसतात. ३५ व्होल्टचे कंडेन्सर लावलेले बोर्ड या ट्रान्सफॉर्मरवर चालवू नका.

बाकीचे पार्ट किती टिकतात

ट्रान्सफॉर्मर तापला नाही तर तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त. फिल्म कंडेन्सर आणि साधे रेझिस्टर सहसा त्रास देत नाहीत. अस्सल पॉवर ट्रान्झिस्टर मर्यादेत चालवला तर नुसत्या वयाने मरत नाही. त्याच्याखालची पेस्ट सुकते आणि मग तो तापून मरतो, म्हणून चार-पाच वर्षांनी पेस्ट नवी करावी. सिमेंट रेझिस्टर बोर्डाला टेकवून लावला असेल तर त्याच्या पायाभोवती डाखेला गोल भेग पडते, भिंगातून स्पष्ट दिसते. मी तो बोर्डापासून अर्धा सेंटिमीटर उचलूनच लावतो. व्हॉल्यूमचा पॉट आणि रिलेचे पॉइंट काजळीने जातात.

वर्षातून एकदाच, गणपतीत, बाहेर निघणाऱ्या ॲम्पची गोष्ट वेगळी आहे. तिथे उष्णतेपेक्षा पडून राहणं नडतं. अकरा महिने व्होल्टेज मिळालं नाही की कंडेन्सरच्या आतला ऑक्साइडचा थर पातळ होतो, गळती वाढते आणि मंडळाची पोरं पहिल्याच दिवशी पूर्ण आवाजावर चालू करतात. तो ॲम्प चतुर्थीच्या आठवडाभर आधी काढा, सिरीज बल्बवर तासभर नुसता चालू ठेवा, मग थेट लाइनवर आणखी तासभर शांत चालवा आणि त्यानंतरच स्पीकर जोडा. दर दोन महिन्यांनी अर्धा तास चालवला तर आणखी चांगलं.

मंदिरातल्या मशीनच्या झाकणाला आतून मी एक कागद चिकटवलाय. त्यावर तारीख, दोन्ही चॅनेलचे मिलिव्होल्ट, रिपल आणि कंडेन्सरचं तापमान लिहिलेलं आहे. दुरुस्तीनंतर तीन कार्तिक झाले. या वर्षी काकडा संपल्यावर झाकण उघडून मोजलं : डावा १२, उजवा ११, रिपल ०.०७. बुवा शेजारी उभे होते. म्हणाले, “भुंगा गेला बघ. आता त्या उजव्या बटणाची खरखर तेवढी काढ.” पॉटमध्ये काजळी गेली आहे. पुढच्या एकादशीला नवा घेऊन जाणार आहे.